सहल आणि बावटा

मुंबईतल्या शाळकरी मुलांना मनसोक्त मौज करायला वर्षातून तीनदा मोकळीक मिळते: मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरातली शाळेची सहल. अरबी समुद्रात चक्रीवादळं उठतात तीही नेमकी याच महिन्यांत. पावसाळा येण्याआधी मे आणि जूनचे पहिले दोन आठवडे, आणि पावसाळा परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या महिन्यांत दर्या कितीही खवळला तरी चक्रीवादळ सहसा उभं राहत नाही. खालून नैऋत्येचा मोसमी वारा जोरात वाहत असतो आणि वर, फार उंचावर, त्याच्या उलट दिशेने पूर्वेकडचा वारा. ढगांचा मनोरा जरा वर चढला की त्याचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे ओढलं जातं.

बोरिवलीच्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवला आणि २०१८ साली निवृत्त झाले. भूगोल म्हणजे फिरणं, असा आमच्या मुख्याध्यापकांचा सरळ हिशोब होता, त्यामुळे सहलीची वही कायम माझ्याच टेबलावर असायची. वर्गात फळ्यावर वादळाचा मार्ग काढायचा आणि मधल्या सुट्टीत त्याच खडूने सहलीच्या बसचा नंबर लिहायचा, अशी दोन्ही कामं मी केली. त्या टेबलावरून मला आमच्या उपनगरांचा जो इतिहास दिसला तो इथे सांगते आहे. पुस्तकांत मौज एका प्रकरणात असते आणि आपत्ती दुसऱ्या. आमच्याकडे दोन्ही एकाच पंधरवड्यात यायच्या.

मनोरंजनाची पार्कं आली ती फार उशिरा. त्याआधी बोरिवलीकरांना कान्हेरीची लेणी होती, महाशिवरात्रीला तिथे लोटणारी गर्दी होती. अंधेरीकरांना जुहूची चौपाटी, गोरेगावकरांना आरेतलं छोटा काश्मीर. सत्तरच्या दशकात राष्ट्रीय उद्यानातल्या कृष्णगिरी उपवनातून ‘वनराणी’ नावाची छोटी गाडी धावू लागली आणि आमच्या भागातल्या मुलांच्या पहिल्या आगगाडीचा मान तिने मिळवला. रोज डोक्यावरून लोकलचा खडखडाट ऐकणारी मुलं त्या चिमुकल्या गाडीसाठी रांग लावून उभी राहायची, हे मला कधीच नीट उमगलं नाही.

मोठी सुट्टी म्हणजे मात्र गाव, आणि गावाला जायचं म्हणजे कित्येकांना समुद्रावरूनच जावं लागे. सुट्टी आणि वादळ यांची पहिली गाठ पडली ती इथे, आगबोटीवर. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतल्या कच्छी आणि काठियावाडी शेजाऱ्यांना हाजी कासमच्या ‘वीजळी’ची गोष्ट विचारून पाहा. बोटीचं कागदोपत्री नाव वैतरणा होतं. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनी तिला वीजळी केलं. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ही बोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसकट नाहीशी झाली. दिवाळी नुकतीच झाली होती. बोटीवर लग्नाची वऱ्हाडं होती आणि मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईत येणारी मुलंही होती. आमच्या इमारतीतल्या एक आजी त्या बोटीचं लोकगीत अर्धं गात आणि मध्येच थांबत. त्यांच्या सासरच्या कुणा पूर्वजाचं नाव त्या गाण्यात नव्हतं, पण बोटीच्या यादीत होतं म्हणे.

कोकणच्या बाजूचीही अशीच एक तारीख आहे. ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने कोकणी माणूस जिला ओळखायचा, त्या स्वदेशी कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. त्याच कंपनीची रामदास पुढे १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. रामदास सगळ्यांच्या तोंडी राहिली, पण ती पावसाळ्यातली बोट होती, चक्रीवादळांच्या हंगामातली नव्हे. जयंती-तुकाराम विस्मरणात गेल्या. माझ्या वर्गात कोकणातली पन्नास मुलं असली तरी या दोन बोटींचं नाव कुणालाही माहीत नसायचं.

मग २१-२२ नोव्हेंबर १९४८. मुंबईवर थेट येऊन आदळलेलं, आजच्या पिढीने ऐकलेलं हे शेवटचं मोठं वादळ. तेव्हा बोरिवली मुंबई महापालिकेत नव्हती. पालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली ती १९५७ साली. माझ्या सासूबाई वझिऱ्याला राहायच्या. वादळ म्हटलं की त्यांना शहरातल्या हानीचं काही सांगता यायचं नाही, मात्र कौलं कशी पत्त्यांसारखी उडाली आणि केळीची बाग कशी एका रात्रीत झोपली, हे त्या न थकता सांगत. उपनगर म्हणजे तेव्हा वाडी, विहीर आणि खाडी. उडून जाण्यासारखं होतं तरी काय फारसं?

या सगळ्या तारखांच्या मागे अजून जायचं म्हटलं तर १६१८च्या मे महिन्यापर्यंत जाता येतं. साष्टी आणि वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना या किनाऱ्यावर असं वादळ आलं की वसईतल्या चर्चची छपरं गेली, साठेक जहाजं बुडाली आणि दोन हजार माणसं मेली, अशी नोंद आहे. वसईसमोरची गोराई, मनोरी, उत्तन ही गावं तेव्हाही होतीच. उलट जून १८८२मध्ये मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसं मारली, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेलं वाक्य मी मुलांना खोडायला लावायची. लेखक अमिताव घोष यांनी मुंबई आणि वादळं या विषयावर लिहिलं, त्यानंतर अभ्यासकांनी या घटनेचा कसून तपास केला. त्या दिवसांची वर्तमानपत्रं आणि कुलाबा वेधशाळेच्या नोंदी, दोन्हींत तसं काहीच सापडलं नाही. १८२६पासून चालू असलेल्या वेधशाळेच्या दारात लाख माणसं मरावीत आणि कारकुनाने ते लिहूनही ठेवू नये, हे कसं शक्य आहे?

आता एस्सेलवर्ल्ड. एस्सेल समूहाच्या सुभाष चंद्रा यांनी १९८९ साली गोराईला ते उभं केलं. दिल्लीत अप्पू घर १९८४पासून होतं, पण मुंबईकरांसाठी जत्रेतल्या पाळण्याच्या पुढचं असं पहिलं जग हेच. १९९८मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं. नव्वदच्या दशकात जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर ‘फँटसी लँड’ही होतं, अंधेरीच्या मुलांना ते जवळ पडायचं. तरी त्याला एस्सेलवर्ल्डची सर नव्हती, आणि त्याचं कारण माझ्या मते पाळण्यांत नव्हतं. फँटसी लँडला रिक्षाने जाता येई. एस्सेलवर्ल्डला जायचं म्हणजे पाणी ओलांडायचं. भाईंदर-उत्तनवरून रस्ता होता, मुलुंड-घाटकोपरच्या शाळांच्या बसेस घोडबंदरच्या बाजूने त्या रस्त्याने येत. आमची मुलं मात्र तरीसाठी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीसाठी, हटून बसत.

सहल जाहीर झाल्यापासून ते सहलीच्या सकाळपर्यंतचे दिवस हेच खरं एस्सेलवर्ल्ड होतं. सूचना वहीत लिहून घ्यायची, संमतीपत्रावर पालकांची सही आणायची. सही नसलेलं संमतीपत्र घेऊन दारात घुटमळणारा एखादा मुलगा दरवर्षी असायचा. कारण बहुधा पैशांचं असे, आणि शिक्षकांच्या खोलीत चहाच्या डब्याशेजारी त्यासाठी एक पाकीट ठेवलेलं असे. टीव्हीवर त्या पार्कची जाहिरात लागे, त्यातलं पोर गाण्यातून घरी परतायलाच नकार द्यायचं. वर्गातली सगळी मुलं ते गाणं बाकांवर ठेका धरून म्हणत. झिपर डिपरमध्ये कोण कुणाशेजारी बसणार, शॉट अँड ड्रॉपला कोण घाबरणार, बर्फावर घसरताना कोण पडणार, याच्या पैजा लागत. कुणीतरी मोठा भाऊ आधी जाऊन आलेला असे आणि त्याच्या तोंडच्या थापा मधल्या सुट्टीत फुगत जात. ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’मध्ये खरा सांगाडा आहे, ही थाप मी दरवर्षी नव्याने ऐकली.

आदल्या रात्री घरोघरी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. बोट लागू नये म्हणून आवळासुपारी, लिमलेटच्या गोळ्या. सकाळी बोरिवली स्टेशनवरून बेस्टच्या बसने गोराई खाडीला. वाटेत गोराईचा कचऱ्याचा डोंगर होता. तो २००८च्या सुमारास शास्त्रोक्त पद्धतीने बंद करण्यात आला, तोवर सहलीची पहिली गंमत म्हणजे सगळ्यांनी एकदम नाक दाबायचं. मग जेट्टी. ओहोटी असली तर काळा चिखल, त्यात तिवरांची उभी मुळं, सापळे टाकून बसलेली माणसं. पलीकडून गोराईच्या बायका माशांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन उतरत, आमची पोरं उड्या मारत चढत. पीटीचे सर शिट्टी वाजवून डोकी मोजायचे. तरीचा प्रवास इतका छोटा की आवळासुपारी तोंडात विरघळायच्या आत पलीकडचा काठ येई. मुलांना मात्र आपण समुद्रप्रवास केला असंच वाटे, आणि मी भूगोलाची बाई असूनही त्यांना ही खाडी आहे, समुद्र नव्हे, असं कधी सांगितलं नाही.

वॉटर किंगडममध्ये लाटांचा तलाव होता. भोंगा वाजला की यंत्राने लाटा सुटत आणि शेकडो माणसं एकदम ओरडत. पश्चिमेला हाकेच्या अंतरावर खरा अरबी समुद्र फुकट लाटा काढत पडलेला. माझ्या मते हा सगळा धंदा त्या एका गोष्टीवर चालायचा, लाट हवी पण भोंगा वाजला की थांबणारी हवी. गोराईच्या गावकऱ्यांचं या पार्कशी नातं सरळ नव्हतं. पुढे गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करायचा घाट घातला गेला तेव्हा कोळी आणि ईस्ट इंडियन गावकरी जमिनी वाचवायला एकत्र आले. तो विषय मोठा आहे आणि तो त्यांनीच लिहावा.

तरीवरच मी बावटा शिकले. पाठ्यपुस्तकात तो नव्हता. बंदरांवर वादळाची सूचना द्यायची पद्धत जुनी आहे: दिवसा खांबावर काळे शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात आणि त्यांच्या रचनेवरून एक ते अकरा असा आकडा वाचतात. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. तरीवरचा एक म्हातारा तांडेल मला म्हणायचा, “बाई, तीन नंबरचा बावटा लागला की तुमची सहलबिहल आम्ही ओळखत नाय.” वर्गात मी हे सगळे आकडे फळ्यावर मांडले की मुलांना अकरावा सगळ्यात आवडे. अकरा म्हणजे वादळाची पूर्वसूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला, आता ज्याने त्याने बघून घ्यावं.

बावट्यानंतर बातमीचं दुसरं साधन आकाशवाणीचं होतं, मच्छीमारांसाठीचा इशारा. घरात बसलेल्या शहरी माणसाला तो इशारा आपल्यासाठी आहे असं कधी वाटलं नाही. वादळाची बातमी उपनगरातल्या दिवाणखान्यात दिवसभर वाजू लागली ती चोवीस तासांच्या मराठी वाहिन्यांमुळे, आणि त्यांत पहिली ‘झी २४ तास’, २००७ सालची. म्हणजे ज्या एस्सेल समूहाने आमच्या मुलांना पाळण्यात बसवलं, त्याच समूहाने आमच्या घरात वादळाचा नकाशा आणून लावला. यात कुणाचं कारस्थान नाही. पण सहलीचं स्वप्न आणि सहल रद्द होण्याची धास्ती, दोन्ही एकाच घराण्याकडून पुरवली जात होती, याची मला गंमत वाटते.

ती धास्ती पहिल्यांदा कळली फयान वादळाच्या वेळी. ११ नोव्हेंबर २००९, बुधवार. जयंती आणि तुकाराम बुडाल्या तीच तारीख, हे मला त्या दिवशी संध्याकाळी आठवलं. दुपारपासून कचेऱ्या सुटू लागल्या, लोकलना भलत्या वेळी गर्दी झाली, आमच्या दुपारच्या सत्रातल्या मुलांना आम्ही लवकर घरी पाठवलं. वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं आणि मुंबईत पावसापलीकडे विशेष काही झालं नाही. उपनगरं दुसऱ्या दिवशी हसली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मात्र मासेमारीला गेलेल्या कित्येक होड्या परत आल्या नाहीत. उपनगरांच्या मनात भीतीचं माप वेगळं होतं, २६ जुलै २००५चं, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आम्हाला पाण्याची भीती होती, वाऱ्याची नव्हती.

ओखीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिथे सहल आणि वादळ समोरासमोर आले. २०१७च्या नोव्हेंबरअखेर हे वादळ कन्याकुमारीजवळ उठलं, तमिळनाडू आणि केरळचे असंख्य मच्छीमार समुद्रात असतानाच. मग लक्षद्वीप ओलांडून ते गुजरातच्या दिशेने वळलं. आमची सहल त्याच आठवड्यात ठरलेली. पैसे भरलेले, बस सांगितलेली, याद्या तयार. सातवीच्या वर्गात मी नकाशावर वादळाचा मार्ग काढला. एरवी अक्षांश-रेखांशांना जांभया देणारी मुलं त्या दिवशी पेन्सिलीने माझ्या आधी बिंदू जोडत होती. “बाई, ताशी पंधरा किलोमीटरने आलं तर मंगळवारी दुपारी इथे, मग बुधवारी गेलेलं असेल ना?” वेग, काळ, अंतर यांचं गणित त्या वर्गाला त्यापूर्वी कधी इतकं बिनचूक आलं नव्हतं. एका मुलीने वादळाला सुरतेकडे जरा घाई करायला लावली होती, बिंदू तिने स्वतःच पुढे सरकवला होता.

सोमवारी रात्री शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी मंगळवारी, ५ डिसेंबरला, मुंबई आणि किनारी जिल्ह्यांतल्या शाळांना सुट्टी जाहीर केली. माझा फोन रात्री बारापर्यंत वाजत होता. पालकांचे प्रश्न दोनच: सहल होणार का आणि पैसे परत मिळणार का. मंगळवारी डिसेंबरात न शोभणारा पाऊस पडला, दिवसभर दिवे लावून बसावं लागलं. दादरला महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या अनुयायांना शिवाजी पार्कच्या तंबूंतून शाळांमध्ये हलवावं लागलं. वादळाचा जोर समुद्रातच ओसरला, किनारा गाठेपर्यंत त्यात काही उरलं नाही. त्याने मुंबईला दिला तो कचरा. आपणच समुद्रात टाकलेलं प्लास्टिक, सुमारे ८० टन, भरतीने चौपाट्यांवर आणून ओतलं. वर्सोव्याला अफरोज शाह आणि त्यांचे सोबती २०१५पासून किनारा साफ करत होते, त्यांची मेहनत एका रात्रीत झाकली गेली. आमची सहल जानेवारीत गेली. आकाश निळं, खाडी तेलासारखी शांत, तरीवर गर्दी नाही. ज्या मुलीने बिंदू सरकवला होता ती जेट्टीवर मला म्हणाली, “बाई, मी सांगितलं होतं, जाईल म्हणून.”

त्यानंतर वादळांनी सुट्टीचा पाठलागच धरला. २०१९च्या लक्ष्मीपूजनाला, २७ ऑक्टोबरला, अरबी समुद्रात क्यार महाचक्रीवादळ बनून फिरत होतं आणि कोकणात कंदील पावसात भिजत होते. ते ओमानकडे वळतं न वळतं तोच ‘महा’ नावाचं दुसरं वादळ आलं. ३ जून २०२०ला निसर्ग मुंबईकडे म्हणून निघालं आणि रायगडात श्रीवर्धनजवळ उतरलं. मुंबई वाचली, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा गेल्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले अभ्यासक सांगतात की अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळं संख्येने आणि जोराने वाढली आहेत. मला ते सहलीच्या वहीवरूनच पटतं. पहिल्या वीस वर्षांत त्या वहीत वादळ हा शब्द नाही.

१७ मे २०२१ला तौक्ते. एरवी ऐन मे महिन्याच्या सुट्टीत गोराईच्या जेट्टीवर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी करोनामुळे मुलं घरातच होती, आणि ते बरंच झालं. वादळ मुंबईला न शिवता समुद्रातून उत्तरेकडे गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर नोंदले गेले, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, मे महिन्यात असा पूर्वी कधीच नोंदला नव्हता. बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार गेले. राष्ट्रीय उद्यानात वनराणीच्या रुळांची वाताहत झाली. गाडी थांबली ती पुढची कित्येक वर्षं थांबलेलीच राहिली. थेट वादळाने मोडलेली आमच्या उपनगरातली मुलांची गंमत हीच.

नावाच्या वादळांकडे डोळे लावून बसलं की बाकीचं सुटतं. जून २०२३मध्ये बिपरजॉय शेकडो किलोमीटर दूर होतं, गुजरातकडे चाललं होतं. शाळा उघडायला काही दिवस उरले असताना, १२ जूनला, जुहूला चार मुलं त्याने पाठवलेल्या लाटांत बुडाली. आणि १३ मे २०२४ला घाटकोपरला जे झालं त्याला नावही नव्हतं. वळवाचा साधा वारा, धुळीचा लोट, आणि छेडानगरजवळचा अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसं गेली. त्या बाजूला चक्रीवादळाने कधी इतकी माणसं मारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा हिशोब आता रोजचा झाला आहे. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १९७१च्या ऑक्टोबरात उघडलं, तेही तिथल्या वादळी हंगामातच, कारण तो हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. वादळासाठी ते पहिल्यांदा बंद झालं १९९९मध्ये, फ्लॉइडला. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. २०२४च्या दसऱ्याच्या आठवड्यात दोन्ही मुलांना घेऊन तो डिस्ने वर्ल्डला गेला आणि मिल्टन वादळ आलं. पार्कं ९ ऑक्टोबरला दुपारी बंद झाली, १०ला पूर्ण बंद राहिली, ११ला उघडली. त्याचा हॉटेलमधून फोन: “आत्या, मुलं रडताहेत आणि मी नकाशा बघतोय.” मी विचारलं, ऑक्टोबरच का निवडलास? म्हणाला, तेव्हा स्वस्त असतं. स्वस्त का असतं, हे मी त्याला विचारलं नाही. सातवीत तो माझ्याच वर्गात होता.

एस्सेलवर्ल्ड २०२२मध्ये थांबलं. वॉटर किंगडम चालू राहिलं. कुठल्याही वादळाने ते पाळणे मोडले नाहीत. करोनात पार्क बंद राहिलं, २०१३पासून खोपोलीला इमॅजिका होतं, मॉल होते. वाऱ्याला त्यात हात घालायची गरजच पडली नाही. अंधेरी-जोगेश्वरीच्या वेरावलीला मात्र २०२२च्या जानेवारीत हवामान खात्याचं नवं डॉप्लर रडार सुरू झालं, फँटसी लँड जिथे होतं त्याच बाजूला. आता वादळ येणार हे उपनगरातून आधी दिसतं.

म्हणून शाळांना आणि आईबाबांना एवढंच सांगायचं आहे. सहल कुठेही न्या, वॉटर किंगडमला न्या, इमॅजिकाला न्या, तरीने गोराईला नुसतं वाळूत खेळायला न्या. पण डिसेंबरचा हट्ट सोडा. स्नेहसंमेलन, क्रीडामहोत्सव आणि पूर्वपरीक्षा यांच्या मध्ये जानेवारीत एक दिवस काढता येतो, मी काढला आहे. जानेवारी ते मार्च अरबी समुद्रात चक्रीवादळ जवळपास उठतच नाही. आणि मे महिन्यात जाणारच असाल, तर तिकिटं काढण्याआधी जेट्टीवरच्या माणसाला विचारा, बावटा कितवा आहे.